रोमेरो : यात्रेकरू, झुडूप आणि संत

स्पॅनिश भाषेतील 'रोमेरो' हा शब्द ऐकणाऱ्यापुढे कोणते चित्र उभे करील, हे तो कोठे उभा आहे यावर अवलंबून असते. स्वयंपाकघरात तो एका सुवासिक झुडपाची डहाळी असतो. तीर्थक्षेत्राच्या वाटेवर तो पायी निघालेला यात्रेकरू असतो. जहाजाच्या सोबतीने पोहत जाणाऱ्या एका पट्टेदार माशालाही स्पॅनिश कोळी रोमेरो म्हणतात. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर देशात मात्र हा शब्द उच्चारला की बहुतेकांना एकच माणूस आठवतो : २४ मार्च १९८० रोजी वेदीपाशी गोळी झाडून ज्यांची हत्या करण्यात आली, ते आर्चबिशप ऑस्कर आर्नुल्फो रोमेरो. १४ ऑक्टोबर २०१८ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना संतपद बहाल केले आणि एक साधेसे स्पॅनिश आडनाव जगभरच्या वेद्यांवर जाऊन पोहोचले.

स्पॅनिश शब्दकोशात या शब्दाची नोंद एकदा नव्हे, दोनदा केलेली असते. झुडूप आणि यात्रेकरू हे मुळात दोन वेगळे शब्द होत. लोकांच्या जिभेवर शतकानुशतके झिजत ते एकसारखे झाले. झीज कशी होते हे वसईकरांना वेगळे सांगावयास नको. पोर्तुगिजांच्या 'रेमेदिउस' माउलीचे आपण 'रमेदी' केले, आणि आज रमेदीला जाणाऱ्या भाविकाला त्या नावात 'औषध' किंवा 'उपाय' दडला आहे याची आठवणही होत नाही.

रोमच्या बाजूचा माणूस

यात्रेकरू या अर्थाच्या रोमेरोमध्ये रोम शहर आहे, हे ऐकताक्षणी जाणवते. परंतु रोमपासून रोमेरोपर्यंतची वाट सरळ नाही. व्युत्पत्तीचे अभ्यासक तिचा माग मध्ययुगीन लॅटिनमधील 'रोमेउस' आणि त्यामागील ग्रीक 'रोमाइओस' या शब्दांपर्यंत नेतात. ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ 'रोमन' एवढाच. पूर्वेकडील बायझंटाईन साम्राज्यातून पश्चिमेचे ख्रिस्ती लोक पवित्र भूमीकडे जात, तेव्हा त्यांना हे नाव दिले जाई. म्हणजे ज्यांना प्रथम या नावाने हाक मारली गेली, ते रोमला चाललेच नव्हते. ते रोमच्या बाजूने आलेले होते आणि जेरुसलेमकडे चालले होते. पुढे हा शब्द पश्चिमेत रुजला तेव्हा नाव तेच राहिले, दिशा मात्र पालटली. रोमेरो म्हणजे संत पेत्र आणि संत पौल यांच्या कबरींच्या दर्शनाला रोमकडे निघालेला भाविक, असा अर्थ रूढ झाला.

इटालियन कवी दान्ते याने आपल्या 'व्हिता नुओव्हा' या ग्रंथात यात्रेकरूंचे तीन प्रकार सांगितले आहेत. समुद्रापार पवित्र भूमीला जाऊन तेथून खजुरीची झावळी घेऊन येणारे ते 'पाल्मिएरी', गालिसियातील संत याकोबाच्या कबरीकडे जाणारे ते 'पेरेग्रिनी', आणि रोमला जाणारे ते 'रोमेई'. या शेवटच्या शब्दाचे एकवचन आहे 'रोमेओ'. शेक्सपिअरच्या नायकाचे नाव ते हेच! तो नायक आणि ज्युलिएट प्रथम भेटतात तेव्हा त्यांचे संभाषण यात्रेकरू आणि संतमूर्ती यांच्या रूपकांतून चालते. त्या नावाचा अर्थ ज्याला ठाऊक आहे, त्याला तो प्रसंग अधिक गोड लागतो.

स्पेनमध्ये या शब्दाला कायद्याचेही कवच लाभले. तेराव्या शतकात राजा आल्फोन्सो दहावा याच्या आज्ञेवरून 'सिएते पार्तिदास' म्हणजे 'सात भाग' ही मोठी विधिसंहिता सिद्ध झाली. तिच्या पहिल्या भागात रोमेरो आणि पेरेग्रिनो यांच्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. रोमला जाणारा तो रोमेरो आणि जेरुसलेम, सांतियागो अशा दूरच्या तीर्थांना जाणारा तो पेरेग्रिनो, असा भेद तेथे केला आहे. त्याच श्वासात संहिता असेही सांगते की, सामान्य लोक हा भेद पाळीत नाहीत. दोन्ही शब्द एकमेकांसाठी सर्रास वापरतात. सातशे वर्षांपूर्वीच्या कायदेपंडितांचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

याच संहितेच्या सहाव्या भागात एक बारीकसा नियम आहे. यात्रेकरू एखाद्या सराईत मृत्युपत्र न करता मरण पावला, तर सराईच्या मालकाने गावातील भल्या माणसांना बोलवावे, त्यांच्यासमक्ष मृताच्या वस्तूंची यादी करावी, आणि त्यातील काहीही स्वतःकडे ठेवू नये. असा नियम लिहावा लागला, यावरूनच सराईंत काय घडत असे ते कळते. घरापासून दूर, भाषा न जाणणारा, एकटा मेलेला माणूस. त्याच्या झोळीवर पहिला हात पडे तो छप्पर देणाराचाच.

अर्थात रोमेरोच्या वेषात सारेच साधू होते असे नाही. झोळी, काठी आणि झगा एवढ्या सामग्रीवर कोणालाही भिक्षा मिळे. भटके व लबाड लोक या वेषाचा आधार घेऊ लागले, तेव्हा १५९० साली राजा फिलिप दुसरा याने आपल्या राज्यातील रहिवाशांना यात्रेकरूचा वेष वापरण्यास मनाई केली. सेर्वांतेसच्या 'दोन किहोते' कादंबरीचा दुसरा भाग १६१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात परदेशी यात्रेकरूंच्या एका टोळीत सांचोला त्याचा जुना शेजारी रिकोते भेटतो. रिकोते हा मुस्लिम वंशातील ख्रिस्ती. अशा लाखो लोकांना १६०९ पासून स्पेनमधून हद्दपार करण्यात आले होते. स्वतःच्या गावी परत येण्यासाठी त्याला परक्या यात्रेकरूचे सोंग घ्यावे लागते. दोघे रस्त्याकडेला बसून एकत्र खातात, पितात. या शब्दाच्या इतिहासात यापेक्षा करुण प्रसंग मला आढळलेला नाही.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नासियुस यांनी आपली जीवनकथा सांगताना स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी, 'पेरेग्रिनो' असा केला आहे, रोमेरो असा नव्हे. १५२३ साली ते प्रथम रोमला गेले, पण जेरुसलेमच्या यात्रेची अनुमती पोप महोदयांकडून मिळविण्यापुरते. जुन्या संहितेच्या काट्यावर तोलले तर ते दोन्ही ठरतात.

रोमेरिया

रोमेरोपासून 'रोमेरिया' हे नाम झाले. पोर्तुगीज भाषेत तेच 'रोमारिया'. आरंभी त्याचा अर्थ यात्रा असाच होता. पुढे गावाबाहेरच्या छोट्या कपेलाकडे संताच्या सणादिवशी वाजतगाजत जावे, मिस्सा ऐकावी, मग झाडाखाली शिदोरी सोडावी, गाणी म्हणावीत, या साऱ्या जत्रेला रोमेरिया म्हणू लागले. रोमचा त्याच्याशी काही संबंध उरला नाही. माद्रिदमध्ये १५ मे रोजी शेतकऱ्यांचे संत इसिदोर यांची रोमेरिया भरते. चित्रकार गोया याने ती दोनदा रंगविली. १७८८ च्या चित्रात नदीकाठची हिरवळ, छत्र्या आणि नटलेली माणसे आहेत. सुमारे ३० वर्षांनंतर त्याने तोच विषय आपल्या घराच्या भिंतीवर काळ्या रंगात काढला. त्यात आ वासून गाणाऱ्या चेहऱ्यांचा एक झुंडीसारखा जमाव अंधारातून पुढे येतो. दोन्ही चित्रे माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत.

स्पेनमधील सर्वांत प्रसिद्ध रोमेरिया पेन्टेकॉस्टच्या सणाला अंदालुसिया प्रांतातील एल रोसियो या गावी भरते. शंभराहून अधिक बंधुसंघ बैलगाड्या, घोडे आणि आपापले ध्वज घेऊन तेथे येतात. सोमवारी पहाटे आल्मोंते गावचे तरुण जाळीवरून उड्या घेऊन पवित्र मरियेची मूर्ती खांद्यावर घेतात. या माउलीचे जुने नाव 'लास रोसिनास'ची मरिया. रोसिना हे त्या जागेचे नाव. सतराव्या शतकात त्याचे 'रोसियो' झाले, आणि रोसियो म्हणजे दव. पवित्र आत्म्याच्या सणाला हे नाव किती शोभते! मिस्सामधील दुसऱ्या युखारिस्तिक प्रार्थनेच्या लॅटिन पाठातही पवित्र आत्म्याचे वर्णन दवाच्या प्रतिमेतून आले आहे. लॅटिनमध्ये दवाला 'रोस' म्हणतात. हा 'रोस' आपल्याला रोमेरो शब्दाच्या दुसऱ्या मुळाशी आणून सोडतो.

समुद्राचे दव

झुडपाच्या अर्थाचा रोमेरो हा लॅटिन 'रोस मारिस' किंवा 'रोस मारिनुस' यापासून आला. अर्थ, समुद्राचे दव. भूमध्य समुद्राभोवतीच्या कोरड्या, चुनखडीच्या टेकड्यांवर हे सदाहरित झुडूप उगवते. पाने सुईसारखी, फुले फिकट निळी, आणि चुरडले की कापूर व पाइन यांच्या मधला तीव्र वास. रोमन कवी होरेस याच्या एका रचनेत गृहदेवतांना या डहाळ्यांचे मुकुट घातल्याचा उल्लेख आहे. लिनेअसने १७५३ साली त्याला 'रोझमारिनुस ऑफिसिनालिस' असे शास्त्रीय नाव दिले. त्यातील दुसरा शब्द औषधाच्या कोठीवरून आला. अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते 'साल्व्हिया' या प्रजातीत हलविले आहे.

इंग्रजीत याचे 'रोझमेरी' झाले. आपल्या धर्मग्रामांत रोझमेरी नावाच्या कितीतरी भगिनी भेटतील. त्यांच्या नावात गुलाबही नाही आणि व्युत्पत्तीच्या दृष्टीने मरियाही नाही. पण भक्तांच्या मनाने ती तेथे आणली. मिसरदेशी पळून जाताना पवित्र मरियेने आपला निळा झगा या झुडपावर वाळत घातला आणि त्याची पांढरी फुले निळी झाली, अशी आख्यायिका आहे. स्पेनमध्ये नाताळात घरोघर गाइल्या जाणाऱ्या एका लोकगीतात मरिया बाळाचे कपडे धुऊन रोमेरोवर सुकत घालते. तोलेदो शहरात ख्रिस्तशरीराच्या सणाला मिरवणुकीच्या मार्गावर रोमेरो आणि इतर सुगंधी वनस्पती अंथरतात. पवित्र साक्रामेंत पुढे सरकते तसा पायांखालून वास उठतो. मेक्सिकोमध्ये रोमेरोसारख्या दिसणाऱ्या एका पालेभाजीला 'रोमेरितोस' म्हणतात. उपवासकाळात आणि नाताळात ती सुक्या कोळंबीच्या वड्यांसह 'मोले' नावाच्या मसालेदार रश्श्यात शिजवितात.

दोन्ही रोमेरो एकमेकांना भेटतात ते मात्र वाटेवर. या झुडपाच्या अर्काचे मद्यार्कातील द्रावण स्पेनमधील औषधांच्या दुकानांत मिळते, आणि सांतियागोच्या वाटेवरचे यात्रेकरू रात्री मुक्कामी पोहोचल्यावर दुखऱ्या पोटऱ्यांना ते चोळतात. शेक्सपिअरच्या नाटकात ज्युलिएटची दाई रोमेओला एक बावळट प्रश्न विचारते. तुमचे नाव आणि रोझमेरी ही दोन्ही एकाच अक्षराने सुरू होतात ना? प्रेक्षक हसतात. स्पॅनिश भाषेने तिला यापुढची गंमत सांगितली असती.

आडनाव

वनस्पतीवरून आलेली आडनावे आयबेरियात विपुल आहेत. वसईत घरोघर आढळणारे परेरा हे मुळात नासपतीचे झाड. 'रोमेराल' म्हणजे रोमेरो माजलेले रान, आणि त्या नावाची गावेही स्पेनमध्ये आहेत. त्यामुळे रोमेरो आडनावाच्या एखाद्या घराण्याचा मूळ पुरुष रोमची यात्रा करून आला होता की झुडपांनी भरलेल्या टेकडीवर राहत होता, हे सांगता येत नाही. साहेबासोबत वा दास्य पत्करून, नव्या जगातील वसाहतींत हे आडनाव सर्वत्र पसरले.

ऑस्कर रोमेरो यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१७ रोजी सियुदाद बारियोस या एल साल्वादोरच्या डोंगरी गावात झाला. लहानपणी त्यांनी सुतारकाम शिकले. पुढे ते अक्षरशः रोमेरो झाले. १९३७ साली शिक्षणासाठी रोमला गेले आणि ४ एप्रिल १९४२ रोजी, महायुद्धाच्या धामधुमीत, तेथेच त्यांना गुरुदीक्षा मिळाली. रोमवर त्यांचे प्रेम होते. १९७० मध्ये बिशप होताना त्यांनी निवडलेले ब्रीदवाक्य इग्नासियुस यांच्या वळणाचे, 'ख्रिस्तसभेशी समरस होणे' या अर्थाचे होते. स्वभावाने ते बुजरे, पुस्तकी आणि शिस्तप्रिय. फेब्रुवारी १९७७ मध्ये ते सान साल्वादोरचे आर्चबिशप झाले, तेव्हा श्रीमंत वर्गाला हायसे वाटले आणि गरिबांमध्ये काम करणारे अनेक धर्मगुरू खिन्न झाले.

१२ मार्च १९७७ रोजी त्यांचे मित्र, येशूसंघीय फादर रुतिलियो ग्रांदे, मिस्सा अर्पण करण्यास जात असताना एक वृद्ध आणि एक १५-१६ वर्षांचा मुलगा यांच्यासह गोळ्या घालून मारले गेले. त्या रात्री रोमेरो यांनी त्या तिघांच्या मृतदेहांपाशी मिस्सा अर्पण केली. पुढील तीन वर्षे दर रविवारी त्यांचे प्रवचन धर्मप्रांताच्या आकाशवाणी केंद्रावरून देशभर ऐकले जाई. त्यात शास्त्रपाठाचे विवेचन असे, आणि त्या आठवड्यात कोण मारले गेले, कोण बेपत्ता झाले, त्यांची नावेही असत. नावे वाचणे हाच त्यांचा अपराध ठरला. सराईत मेलेल्या परक्याच्या वस्तूंची यादी करा असे जुनी संहिता सांगत होती. येथे माणसांचीच यादी कोणी करीत नव्हते.

२३ मार्च १९८० च्या प्रवचनात त्यांनी सैनिकांना उद्देशून सांगितले की, ठार मारण्याची आज्ञा परमेश्वराच्या आज्ञेविरुद्ध आहे, ती पाळण्यास कोणीही बांधलेला नाही. परमेश्वराच्या नावाने हा छळ थांबवा. दुसऱ्या दिवशी सायंकाळी, ते ज्या कर्करोग रुग्णालयाच्या आवारात एका लहानशा घरात राहत, तेथील कपेलात एका पत्रकाराच्या आईच्या पुण्यतिथीची मिस्सा ते अर्पण करीत होते. शुभवर्तमान योहानाचे, गव्हाच्या दाण्याचे होते. प्रवचन संपले आणि दारातून एक गोळी आली. ३० मार्चला, झावळ्यांच्या रविवारी, त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी कॅथेड्रलपुढील चौकातही गोळीबार आणि चेंगराचेंगरी होऊन माणसे मेली. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ साली निष्कर्ष काढला की, हत्येचा आदेश माजी मेजर रोबेर्तो द'ओबुइस्सोन यांनी दिला होता.

त्यानंतर जो वाद उभा राहिला, तो पुन्हा एका शब्दाच्या अर्थाचा होता. 'रक्तसाक्षी' कोणास म्हणावे? श्रद्धेच्या द्वेषातून ज्याची हत्या होते तो, ही ख्रिस्तसभेची कसोटी. परंतु येथे मारणारेही बाप्तिस्मा घेतलेले, आणि देशाचे नावच मुळी 'तारणारा'. तेव्हा हा श्रद्धेचा द्वेष की राजकारणाचा? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८३ मध्ये रोमेरो यांच्या कबरीपाशी प्रार्थना केली. तरीही प्रकरण रोममध्ये दीर्घकाळ रेंगाळले. आर्चबिशप डाव्यांच्या हातचे बाहुले होते, असे म्हणणारे ख्रिस्तसभेतही होते. अखेर ३ फेब्रुवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ही हत्या श्रद्धेच्या द्वेषातून झाल्याचे मान्य केले. गरिबांची बाजू घेणे हे शुभवर्तमानाशी निष्ठा राखण्याहून वेगळे नाही, आणि त्या निष्ठेचा द्वेष हा श्रद्धेचाच द्वेष होय, हे त्यामागील मर्म आहे. २३ मे २०१५ रोजी सान साल्वादोरमध्ये त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस एल साल्वादोरचे यात्रेकरू आभार मानण्यासाठी रोमला गेले. शब्दाच्या जुन्या, काटेकोर अर्थाने ते रोमेरो होते. त्यांच्यापुढे लिखित भाषण बाजूला ठेवून पोप फ्रान्सिस म्हणाले की, रोमेरो यांचे रक्तसाक्ष्य मृत्यूने संपले नाही. त्यांची बदनामी, तीही धर्मगुरू आणि बिशप बांधवांकडून, नंतरही चालू राहिली, आणि तरुण धर्मगुरू असताना आपण स्वतः ती ऐकली होती. तीन वर्षांनी संतपद बहाल करतेवेळी पोप महोदयांनी कमरेला जी दोरी बांधली होती, ती हत्येच्या वेळी रोमेरो यांच्या कमरेला असलेली, रक्ताचे डाग पडलेली दोरी होती. फादर ग्रांदे आणि त्यांच्या दोन सोबत्यांना २२ जानेवारी २०२२ रोजी धन्यवादित घोषित करण्यात आले.

रोमेरो यांची कबर सान साल्वादोरच्या कॅथेड्रलच्या तळघरात आहे. तिच्यावरील कांस्यशिल्पाच्या चार कोपऱ्यांवर चार शुभवर्तमानकार आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, याच कॅथेड्रलपासून भाविकांचा एक मोठा जथा पायी निघाला आणि तीन दिवस चालून दीडशेहून अधिक किलोमीटरवरील सियुदाद बारियोसला पोहोचला. त्यांच्यातील बहुतेकांनी रोम कधी पाहिले नव्हते.